सात महिन्यांचा हात

आमच्या पट्ट्यात, म्हणजे भोसरी-चिंचवडपासून पार चाकणपर्यंत, टेम्पररी पोराला ‘किती दिवस झाले रे लागून?’ असं विचारलं, तर तो झालेले दिवस सांगत नाही. ‘अजून दोन महिने आहेत, मॅडम,’ म्हणतो. सात महिने भरले की ब्रेक, म्हणजे घरी, हे त्याला लागल्या दिवसापासून ठाऊक असतं. गेटपासवरच संपायची तारीख असते. गावी फोन करताना मात्र ‘कंपनीत लागलो’ एवढंच सांगतो; पुढचं घरच्यांनाही आता पाठ झालंय.

या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पर्सनल खात्यात माझी उभी नोकरी गेली. मधेच केव्हातरी दारावरची पाटी बदलून ‘एचआर’ झाली. टेबलं, कपाटं आणि रजेचे अर्ज तेच राहिले. वरच्या मजल्यावरच्या मीटिंगांत विषय एकच असायचा, प्रॉडक्टिव्हिटी. एका माणसामागे एका शिफ्टला किती नग? त्यावर सायकल टाइमची चर्चा व्हायची, ले-आउटची व्हायची, ओव्हरटाइमची तर व्हायचीच. माणसाचा विषय ‘मॅनपॉवर’ या रकान्यात यायचा आणि तिथेच संपायचा. मला मात्र वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसत राहिली. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला त्या मशीनबद्दल, मालाबद्दल, सुपरवायझरबद्दल पुष्कळ कळत असतं. त्यातलं तो किती सांगतो आणि किती गिळतो, यावर कारखान्याचे नग बरेचसे ठरतात. आणि त्याने सांगावं की गिळावं, हे ठरतं आमच्या खात्यातून निघणाऱ्या कागदांवर.

टर्निंगच्या सेलमध्ये एक पोरगा होता. मराठवाड्यातला, आयटीआय करून आलेला, बोलायला अगदी कमी. त्याच्याकडे दोन सीएनसी लेथ होते आणि एका कास्टिंगचं बोअर, म्हणजे ओतीव भागातलं भोक आतून कातायचं काम. चार्टवर लिहिलेलं, दोनशे नगांनंतर इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, कड बदलायची. हा एका ठरावीक फाउंड्रीचा माल असला की दीडशेच्या आतच बदलायचा. त्या मालाचा वरचा थर कडक यायचा. कट घेताना आवाज जरा कर्कश झाला की हा मशीन थांबवून दार उघडायचा आणि कड फिरवायचा. जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले दोन-तीन नग बाजूला ठेवून बोअरगेजने मोजायचा, कारण अर्धा तास मशीन थंड पडलं की साइझ हलते. मग मशीनला ऑफसेट, म्हणजे तेवढा फरक, देऊन पुढे चालू. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कुठे लिहूनही ठेवलेलं नव्हतं. त्याचे नग पास व्हायचे, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जायचं कारणही नव्हतं.

सात महिने भरले, पोरगा गेला. त्याच्या जागी दुसरा आला. तोही हुशार होता, तो चार्टप्रमाणे चालला. थोड्याच दिवसांत त्या बोअरचं रिजेक्शन वर गेलं. रिपोर्टात लिहिलं गेलं: कारण, ऑपरेटरची चूक, उपाय, ऑपरेटरला ट्रेनिंग दिले. ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सह्या घ्यायचं काम आमच्याकडे, म्हणून तो कागद माझ्या टेबलावर आला. ट्रेनिंग देणारा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, एकटा आठ मशीन सांभाळायचा, त्याला तरी त्या आवाजाचं काय माहीत असणार? क्वालिटीवाल्यांनी फिक्स्चर तपासलं, कूलंट बदललं, फाउंड्रीला कडक भाषेत पत्र गेलं. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि जुन्या पोराला फोन लावला. तो शेतात होता. पाच मिनिटांत त्याने सगळं सांगितलं, वर ‘जेवणानंतर मोजता का?’ असंही विचारलं.

‘अरे, मग हे आधी का नाही सांगितलंस?’ मी म्हटलं.

‘सांगितलं असतं तर टूलचा खर्च वाढवतो म्हणून मलाच धरलं असतं ना, मॅडम. आणि मी होतो किती दिवस?’

एका वाक्यात आमच्या शॉपची रीतभात आली, दुसऱ्यात आमच्या नेमणूकपत्राची अट. या दोन विषयांवर आमचे लोक लोणावळ्याला दोन-दोन दिवसांची शिबिरं घेतात आणि शेवटी सगळ्यांना टी-शर्ट वाटतात.

हा ब्रेक आला कुठून? कायद्यातून, आणि तोही कामगाराच्या बाजूने केलेल्या कायद्यातून. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं की वर्षात २४० दिवस काम केलेल्या माणसाला कमी करायचं तर नोटीस द्या, भरपाई द्या. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनी त्याच्या पुढे जाऊन सांगितलं की बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या बदली किंवा टेम्पररी कामगाराला कायम करा. हेतू चांगलाच होता. कारखान्यांनी कॅलेंडर काढलं आणि दोनशे दहाच्या आसपास रेघ मारली. ठेका कामगारांसाठी १९७० चा कायदा होताच, त्याच्या आडोशाने ठेकेदार वाढले. २०१३ मध्ये ‘नीम’ नावाची योजना आली, तिच्यातून पोरं ट्रेनी म्हणून लाइनवर उभी राहिली आणि पगाराला स्टायपेंड म्हणायला लागली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारावरच्या माणसालाही ग्रॅच्युइटीचा हक्क दिलाय. चांगलं झालं. पण मुदत ती मुदतच.

मालकांची बाजू अगदीच खोटी नाही. गाड्यांचा बाजार सणासुदीला चढतो आणि एखाद्या वर्षी असा बसतो की तीन शिफ्टची एक होते. शंभर किंवा जास्त कामगार असले की कपातीला सरकारची परवानगी लागायची आणि ती मिळेल या भरवशावर कुणी राहत नसे. तेव्हा थोडी माणसं सैल ठेवणं समजण्यासारखं होतं. थोडी. मी नोकरीला लागले तेव्हा लाइनवर टेम्पररी माणूस शोधावा लागायचा. सोडली तेव्हा कायम माणूस शोधावा लागत होता. यातली बचत पगाराच्या ओळीत ठळक दिसते. नुकसान मात्र रिजेक्शनमध्ये, टूलमध्ये, रात्रीच्या ओव्हरटाइममध्ये, गिऱ्हाइकाच्या तक्रारीत असं पांगतं की ते गोळा करून मांडायचं कुणी? मी एकदा मांडून पाहिलं. फायनान्सच्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘हे कुठल्या हेडखाली टाकू?’ प्रश्न रास्तच होता.

बरं, कायम केलं की माणूस घडाघडा बोलायला लागतो असंही नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग मॅनेजमेंटच्या प्रत्येक कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. १९२४ पासून तिथे उजेड कमी-जास्त करून पाहिला, मग सुट्ट्यांच्या वेळा बदलून पाहिल्या, वगैरे. पोरं ‘लक्ष दिलं की उत्पादन वाढतं’ असं लिहून मार्क घेतात. त्याच कारखान्यातला १९३१-३२ चा शेवटचा प्रयोग कुणाच्या ध्यानात राहत नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या सामानाच्या वायरिंगच्या कामावरचे चौदा जण एका खोलीत बसवले होते आणि एक निरीक्षक नुसता बघत होता. पगार सगळ्या गटाच्या कामावर, म्हणजे जास्त काढलं तर सगळ्यांनाच जास्त. तरी त्यांनी आपापसांत दिवसाचं एक माप ठरवून घेतलेलं होतं आणि त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. एखाद्याचा हात फार चालायला लागला की शेजारचा त्याच्या दंडावर ठोसा द्यायचा. एखाद्या दिवशी जास्त काम झालं तर ते कागदावर दाखवायचं नाही, मागे ठेवायचं आणि मंद दिवशी काढायचं. ते मंदीचे दिवस होते. जास्त दाखवलं तर रेट कापतील, नाहीतर दोन माणसं घरी बसवतील, ही भीती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. आमच्या मशीन शॉपमध्ये ठोसा नव्हता, बाकी सगळं होतं. दुपारी दीडला ठरलेले नग संपलेले असायचे आणि माणूस कॉटनवेस्टने मशीन पुसत असायचा. सुट्टी साडेतीनला. दोन तास पुसण्यासारखं काय असतं त्या मशीनला? सुपरवायझरला माहीत, युनियनला माहीत, मलाही माहीत. साडेतीन वर्षांचा वेतन करार डोक्यावर असतो. आज जादा काढलेला नग पुढच्या करारात किमान म्हणून लिहिला जातो. कराराच्या टेबलावर कंपनी म्हणणार, ‘आधी नग द्या, मग पैसे मागा.’ मग द्यायला नग शिल्लक नको? याला आळस म्हणणारे साहेब मला भेटले. मला तो चोख व्यवहार वाटतो, आणि तो आमच्याच करारांनी शिकवलेला.

माणसं तीच ठेवून भोवतालचं सगळं बदललं तर काय होतं, याचा एक नामांकित दाखला आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात, कामावर दारू पिण्यापर्यंत मजल गेलेली. १९८२ मध्ये तो बंद पडला. टोयोटाने जनरल मोटर्सशी भागीदारी करून १९८४ मध्ये तोच कारखाना पुन्हा सुरू केला आणि युनियनसकट जुनेच कामगार घेतले, ऐंशी टक्क्यांहून जास्त तेच. दोनेक वर्षांत तिथलं काम जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांच्या पुढे गेलं, गैरहजेरी नावापुरती उरली. तिथे लाइनच्या कडेने दोरी होती. कामात खोट दिसली की कामगाराने ती ओढायची. गरज पडली तर अख्खी लाइन थांबली तरी चालेल.

या दोरीचे फोटो दाखवून आमच्याकडे कितीतरी सल्लागारांनी फी घेतली. आमच्याही लाइनवर लाल बटण बसलं. ते दाबलं की सुपरवायझर धावत यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, ‘कुणी दाबलं?’ त्यामुळे बटण कोरं करकरीत राहिलं. फ्रीमाँटच्या करारात एक कलम होतं, त्याबद्दल त्या सल्लागारांनी कधी सांगितलं नाही: कामगार कमी करायची वेळ आलीच, तर त्याआधी साहेबांचे पगार कापू आणि बाहेर दिलेलं काम आत आणू. १९८८ मध्ये गाड्या खपेनात, कारखाना निम्म्याहून थोडा जास्त चालत होता, तेव्हा त्यांनी माणसं काढली नाहीत. ट्रेनिंगला बसवली, दुरुस्तीच्या कामांना लावली. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस दोरी ओढायला कशाला बिचकेल? आणि मौज म्हणजे जनरल मोटर्सला हे स्वतःच्याच बाकीच्या कारखान्यांत नेताना नाकी नऊ आले.

आता गैरहजेरी. फाल्गुन लागला की आमच्याकडे आज्या फार वारायच्या. एकेकाची आजी तर दरवर्षी वारायची. पोरं सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगरकडची. गावोगावच्या यात्रा लागलेल्या. यात्रेला रजा मागितली तर सुपरवायझर म्हणणार, ‘आणि प्रॉडक्शन कोण काढणार? तुझा देव?’ म्हणून मागायचीच नाही. सरळ दांडी मारायची आणि परत आल्यावर आजीचं सांगायचं. टाइम ऑफिसात एक वयस्क क्लार्क होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या खणात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती. तिच्यात डाव्या बाजूला गावांची नावं, समोर यात्रेची तिथी, आणि त्या गावचे आमच्याकडे कोण कोण, कुठल्या शिफ्टला. बावधनचं बगाड रंगपंचमीला, ज्योतिबा चैत्र पौर्णिमेला, पालच्या खंडोबाची यात्रा पौषात. ही झाली मोठी नावं. पण आठशे-हजार वस्तीच्या गावांच्या भैरोबा-म्हसोबांच्या तिथीही तिच्यात होत्या. नवं कालनिर्णय आलं की अण्णा बसून त्या वर्षीच्या तारखा पेन्सिलीने भरायचे. पेन्सिलीने, कारण पुढच्या वर्षी खोडायच्या. हजेरीच्या सॉफ्टवेअरने गेल्या वर्षीच्या एप्रिलवरून या वर्षीच्या एप्रिलचा अंदाज काढला होता आणि तो दरवर्षी चुकायचा. त्याला अधिक महिना कोण सांगणार?

मी ती वही पाहिली तेव्हा अण्णांना विचारलं, ‘हे वरती कुणाला दाखवलंत का?’ ते म्हणाले, ‘मागितली नाही कुणी.’

त्या वहीवरून आम्ही एक नियम करून पाहिला. यात्रेची रजा महिनाभर आधी सांगितली तर नक्की मिळणार. बदल्यात साप्ताहिक सुट्टी बदलून एक दिवस भरून द्यायचा. शिवाय एका गावची सगळी पोरं एकाच लाइनवर ठेवायची नाहीत. ओळखीने लागलेली असल्यामुळे ती एकत्र असायची आणि एकत्रच गायब व्हायची. पहिल्या वर्षी कुणाचा विश्वास बसला नाही. मोजक्यांनी विचारून रजा घेतली, ती मिळाली, आल्यावर कुणी टोमणा मारला नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये टाइम ऑफिसच्या खिडकीपुढे रांग लागली. रजा एकूण काही कमी झाल्या नाहीत, उगाच कशाला सांगू? पण सोमवारी सकाळी सातला लाइन उभी राहणार की नाही, ते आम्हाला आधी कळायला लागलं, आणि कारखान्यात यापेक्षा मोठं सुख नसतं. काही जण यात्रेहून येताना सुपरवायझरसाठी प्रसाद आणायला लागले. कुणी कुणी मटणाचा डबासुद्धा.

हे दुखणं आजचं नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली तेव्हाही कामगार टिकेनात, येईनात. त्या काळच्या गिरण्यांत दंडाचा रस्ता सरसकट होता. जमशेटजी टाटांनी गिरणीत हवा खेळती ठेवण्याची सोय केली, कामगारांसाठी बक्षीस समारंभ सुरू केले आणि १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, कायद्याने तसं काही मागण्याच्या कितीतरी आधी. मुंबईत वेगळीच तऱ्हा होती. तिथे माणूस लावणं, काढणं, रजा देणं सगळं जॉबरच्या हातात. तो आपल्या मुलखातली पोरं आणायचा, लावताना दस्तुरी म्हणून पैसे घ्यायचा, आणि शिमग्याला-गणपतीला कोण कोकणात जाणार, त्याच्या मागावर बदली कोण उभा राहणार, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं. १९३१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर नेमलेल्या व्हिटली कमिशनने सांगितलं की ही सत्ता काढून लेबर ऑफिसर नेमा. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली कामगारांना कार्डं दिली. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आमचं खातं या वाटेने इथवर आलं. जॉबर लुबाडायचा, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण माणूस कुठल्या गावचा, घरी कोण आजारी, त्याला ठाऊक असायचं. आमच्या फायलीत आधार कार्डाची झेरॉक्स असते.

सांगण्याची सक्ती केली की काय होतं तेही पाहिलं. एके वर्षी फर्मान निघालं की प्रत्येकाने महिन्याला दोन कायझेन द्यायचेच. सुधारणेचा कागद, त्यावर आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. लोकांनी आधीचे फोटो साठवून ठेवले. एका बहाद्दराने पत्र्याची एक पेटी खांबाच्या डावीकडून उजवीकडे नेली, सहा महिन्यांनी उजवीकडून डावीकडे आणली आणि दोन्हींबद्दल बक्षीस घेतलं. स्टीलचा डबा असायचा बक्षीस. दोन्ही डबे मीच दिले, टाळ्याही मीच वाजवल्या. त्या वर्षी आमचा प्लँट कायझेनच्या संख्येत पहिला आला.

आणि एकाच लाइनवर, एकाच ट्रॉलीतून माल घेणारे, तेच काम करणारे दोघे, ज्यांच्या पगारात दुपटी-तिपटीचा फरक आहे, ते एकमेकांना काय शिकवणार? ओडिशात अर्थतज्ज्ञांनी मजुरांच्या तीन-तीन जणांच्या तुकड्या करून हे तपासलं होतं. कामाच्या मानाने कुणाला का जास्त, ते जिथे डोळ्यांना दिसत नव्हतं, तिथे कमी मजुरीवाल्यांचं काम घसरलं, आणि ते कामावर यायचेही कमी झाले. हातची मजुरी सोडून. एकाचा हात चांगला आहे हे जिथे सगळ्यांना दिसत होतं, तिथे असं झालं नाही. आमच्याकडे फरक गणवेशाच्या रंगावरून दिसायचा. दिवाळीला कायम कामगारांना कुकर किंवा तवा आणि मिठाईचा मोठा पुडा, ठेक्यावरच्यांना सोनपापडी. वाटपाचं टेबल एकच, रांगा दोन. जुने कामगार आपला पुडा लगेच पिशवीत घालायचे, पोरांच्या नजरेला पडू नये म्हणून. त्यांनाच लाज वाटायची. बाकी कुणाला वाटायची नाही.

वरच्यांचा खालच्यांवर भरवसा नसण्याची किंमत मोजायची असेल, तर तारापूरला जा. २००८ पासून पुढची दोनेक वर्षं स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी तारापूर-उंबरगावच्या कापड गिरण्यांत एक मोठा प्रयोग केला. काही गिरण्यांत पाच महिने सल्लागार फुकट बसवले. शिकवलं काय, तर मशीन केव्हा आणि का बंद पडलं ते लिहा, सुताचा साठा मोजा, कापडात दोष कुठे येतात ते रोज पाहा, कुणाचं काम काय ते ठरवा, चांगल्या कामाला बक्षीस द्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली आणि मला ती जास्त बोलकी वाटते. गिरणी किती मोठी होईल हे सगळ्यात नेमकं कशावरून कळतं, तर मालकाच्या घरात पुरुष किती यावरून. भाऊ, मुलगे असतील तेवढा पसारा, कारण बाहेरच्या मॅनेजरच्या हातात निर्णय सोडायचा नाही. तो सूत चोरेल. (घरातल्या मुली कुठल्याच हिशेबात नाहीत, हे वेगळं सांगायला नको.) आठ-नऊ वर्षांनी तेच लोक पुन्हा पाहायला गेले, तेव्हा शिकवलेल्या रीतींपैकी निम्म्याच्या आसपास सुटून गेल्या होत्या. सुटण्याचं एक मोठं कारण म्हणजे गिरणीचा मॅनेजर बदललेला.

यावर माझा विश्वास लगेच बसला. बोअरच्या त्या प्रकारानंतर आमच्या प्लँट हेडनी, मोठा रोखठोक माणूस, तीन गोष्टी केल्या होत्या. ब्रेकवर जाणाऱ्या आणि नव्या येणाऱ्या पोराने शेवटचा आठवडा एकाच मशीनवर काढायचा. त्या सेलच्या टूलचा खर्च ऑपरेटरच्या नावावर दाखवायचा नाही. आणि ब्रेकवरून परत घेतलं तर शक्यतो जुन्याच मशीनवर. शिवाय प्रत्येक मशीनला दोरीने एक साधी वही अडकवली, कुणी काय लिहिलं याची चौकशी नाही. पहिले काही आठवडे तिच्यात फक्त पंख्याच्या तक्रारी आल्या. पंखे दुरुस्त झाले. मग मशीनबद्दल यायला लागलं: ‘या पॅलेटचा माल आधी ग्राइंड करावा’, ‘रात्री हवेचं प्रेशर पडतं, दोन ते तीन’. एकाने नुसतं चित्र काढलं होतं, क्लॅम्पचं. तो क्लॅम्प टूलरूमने तसाच्या तसा बनवला. त्या बोअरचं रिजेक्शन उतरलं आणि उतरलेलं राहिलं.

पुढे ते साहेब दुसऱ्या कंपनीत गेले. नव्या साहेबांनी पहिल्याच फेरीत एका मशीनवर दोन माणसं उभी पाहिली आणि मला बोलावून विचारलं, ‘हे काय आहे?’ मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पुढच्या महिन्यापासून तो आठवडा बंद झाला. वर्षाअखेरीला मॅनपॉवर कॉस्ट कमी केल्याबद्दल आमच्या प्लँटला ढाल मिळाली. तिचा फोटो नोटीस बोर्डावर लावायचं काम आमच्या खात्याकडेच होतं.